पडद्यावरची बाई मला काय म्हणाली

या सदरात छापून येणाऱ्या अनुभवांविरुद्ध संपादकांना निषेधाची पत्रं पाठवणारा सोलापूरचा जो इसम आहे, तो मीच. तुम्ही एकही पत्र छापलं नाही. चिंचेखालची बाई, मागे वळून बघितल्यावर नाहीसा झालेला सायकलवाला, मेलेल्या मावशीने मारलेली हाक... हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकांना रॉकेल मिळत नाही आणि तुम्ही पानं भरभरून भुतं वाटता, असं मी तेव्हा लिहिलं होतं. ते मत कायम आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही.

तरी लिहितोय. कारण जे झालं ते भर दुपारी झालं, खोलीभर माणसांच्या साक्षीनं झालं. आणि आधीच सांगून टाकतो — त्या खोलीत ज्याला ते दिसूनही कळलं नाही असा एकटा मीच होतो. ज्याच्याबद्दल होतं, तोच!

माझं नाव सदाशिव, पण घरीदारी सगळे बापू म्हणतात. एका छापखान्यात प्रुफं तपासतो आणि आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहितो. 'अंगात येणे बंद करा', 'विडी वळणाऱ्या भगिनींनो, जाग्या व्हा' — सोलापुरात चहाच्या टपरीवर ही चिकटवलेली वाचली असतील, तर ती माझी. 'स्त्री ही कुणाची मालमत्ता नाही' हेही माझंच, ठळक टायपात. हे सांगतो, कारण पुढचं वाचून काही जण मला मत्सरी म्हणतील. मत्सर वेगळा आणि रास्त संशय वेगळा. हा फरक ध्यानात ठेवून वाचा.

आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात पद्मा शिकवायला यायची. साखर पेठेत तिचं घर — खाली चार यंत्रमाग, वर राहायला दोन खोल्या. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, बाहेर मराठी. वडील नरसय्या आणि चुलते माग चालवतात, पद्मा कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी. दिवसभर चाक फिरवत बसायचं.

पाडव्याला मी तिला लग्नाचं विचारलं. नोंदणी पद्धतीनं. हुंडा नाही, भटजी नाही, बँड नाही.

"आणि जेवण?" तिनं विचारलं.

"चहा-चिवडा."

ती हसली. "विचार करून सांगते. पण रोज रोज विचारू नको की."

मी रोज विचारत नव्हतो. एक दिवसाआड विचारत होतो.

असं सगळं अधांतरी असताना अंबादासनं प्रोजेक्टर आणला.

अंबादास म्हणजे पद्माच्या आत्याचा मुलगा, राहायला त्याच गल्लीत. एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करतो. पांढरी बेलबॉटम, पातळ मिशी, बोलताना हवेत हातानं चौकट करून त्यातून बघायची सवय. पद्मा त्याला 'बावा' म्हणते. मला आधी वाटलं, आपल्यात बुवा-बाबा म्हणतात तसलं काहीतरी असेल. मग कळलं — तेलुगूत आत्याच्या किंवा मामाच्या मुलाला बावा म्हणतात, आणि बावाशी लग्न होऊ शकतं. होऊ शकतं काय, लोक धरूनच चालतात! मी त्याच आठवड्यात 'रक्तातील विवाह आणि विज्ञान' असं पत्रक लिहून संघटनेपुढं ठेवलं. संघटनेनं ते छापलं नाही. "आत्ताच का सुचलं?" असं विचारलं.

प्रोजेक्टर सोळा एमएमचा, बंद पडलेल्या एका फिरत्या टॉकीजचा. त्याच्याबरोबर डबे भरून एकच चित्रपट आला. इंग्रजी, ब्लॅक अँड व्हाइट, गुन्हेगारीचा. सुरुवातीची फिल्म कुजून गेलेली, त्यामुळे नाव नाही, नटनट्यांची नावं नाहीत. आणि यंत्रातला आवाज वाचणारा जो छोटा बल्ब असतो, तो उडालेला. अंबादासनं पुण्याला पत्र टाकलं होतं. बल्ब येईपर्यंत चित्रपट मुका.

माग बंद असतील त्या सुट्टीच्या दुपारी तो आपल्या माडीवर खेळ लावायचा. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलेलं, खिडक्यांवर चादरी. आमच्या गावात अंधार करायला चादरींची काय कमी? मे महिना, आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, प्रोजेक्टरची धग... शिजायला व्हायचं. तरी लोक यायचे. पद्मा तर पहिल्या खेळापासून.

एकदा वर्ग सुटल्यावर ती मला म्हणाली, "बापू, त्यात पाऊस पडून गेलेला एक रस्ता हाय. नुसता रस्ता. कुणी न्हाय त्यात. पण लई वेळ बघत राहावं वाटतं."

दोन वर्षं मी तिच्यापुढं बोलतोय. लई वेळ ऐकत राहावं वाटतं असं ती एकदाही म्हणाली नव्हती. तेव्हा मी ठरवलं की, हा काय प्रकार आहे तो स्वतः जाऊन बघायचा.

गेलो. पद्मा यंत्राशेजारी बसली होती आणि रीळ संपत आलं की अंबादासच्या हातात पुढचं देत होती. न मागता. त्यानं फक्त हात मागं करायचा! मला भिंतीकडेला जागा मिळाली, नरसय्यांच्या पाठीमागे.

आता खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. चित्रपट चांगला होता. हे लिहिताना पेन अडतं, पण होता. बंदराचं कुठलं तरी शहर. हॅट घातलेला एक माणूस — माडीवर त्याचं नाव 'टोपीवाला' — एका गोदाम-मालकाच्या बायकोच्या नादी लागतो. तिच्यासाठी खून करतो. आणि मग तिच्यावरच संशय घेत फिरतो. ती कुठं जाते, कुणाला फोन करते, हसली तर का हसली... बाकी काही नाही. पण उजेड! खिडकीच्या पट्ट्यांमधून उजेड आत यायचा आणि भिंतीवर, माणसांवर नुसत्या रेघा. नरसय्या म्हणाले, "ताणा लावल्यासारखं दिसतंय." खरंच मागावर ताणलेल्या सुतासारखं दिसत होतं. सिगारेटचा धूर त्यातून सावकाश जायचा, आणि माडीवर कुणी खोकत नव्हतं.

"टोपीवाल्याकडं बघा," अंबादास अंधारातून म्हणाला. "त्याच्या तोंडावर उजेड कधीच पुरा पडत नाही. संशय आला रे आला की अर्धं तोंड काळं. डायरेक्टरनं काय डोकं लावलंय!"

हे तो मलाच उद्देशून बोलला याबद्दल मला शंका नाही. पद्मा "व्हय की" म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं नाही.

पुढचं समजायला एक गोष्ट माहीत पाहिजे. मागाच्या खोलीत चार माग चालू असले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. शिकवावं लागत नाही, लहानपणापासून येतं. नरसय्या खोलीच्या या टोकाला, भाऊ त्या टोकाला — आवाज न काढता सगळा संसार बोलतात. जेवायला बसल्यावर पद्मा आणि तिची आई माझ्यादेखत असं बोलल्या आहेत, आणि मी मधे बसून भात खाल्ला आहे. मला ते येत नाही. कुणी मला ते शिकवलंही नाही.

इंग्रजी चित्रपटात मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. "नुसतं चावत असल्यासारखं दिसतंय," नरसय्या म्हणायचे.

शेवटाकडं एक शॉट आहे. टोपीवाला जिना चढून येतो. ती बाई वर दारात उभी. मग तिचं तोंड पडदाभर. एका गालावर उजेड, एक गाल अंधारात. सरळ बघते — म्हणजे आपल्याकडंच. आणि ओठ हलले. थोडं थांबून पुन्हा हलले. झालं.

पुढच्या रांगेतून कुणीतरी "आय्यो!" केलं. मग एक जण हसला. मग चारपाच जण. नरसय्या वळून माझ्याकडं बघायला लागले.

"ते बाई तुला बोलतंय, बापू!"

नरसय्यांचं मराठी तसंच आहे, बाई असली तरी 'ते'. मी म्हणालो, "काय बोलते?"

कुणी सांगेना. तेलुगूत कुजबुज सुरू झाली. मी उभा राहिलो. "सांगा ना! पडद्यावरच्या बाईला मी भिणार आहे का?"

"बापू, वद्दु," नरसय्या म्हणाले. "तेवढंच बोललं ते."

"म्हणजे?"

"म्हणजे... बापू, नको."

हशा झाला. पद्मा उठली आणि पाणी प्यायला म्हणून खाली गेली. ती परत येईपर्यंत अंबादासनं रीळ मागं घेतलं होतं, कारण मी तशी मागणी केली होती. या वेळी मी पडदा सोडून माणसांकडं बघितलं. शॉट आला आणि खोलीतल्या सगळ्यांचे ओठ एकदम हलले. वाचताना काही जण पुटपुटतात तसे. तोंडाची तीच हालचाल, सगळ्यांची, एका वेळी. फक्त पद्माचे ओठ घट्ट मिटलेले.

मी अंबादासला तिथंच जाब विचारला. "तू सगळ्यांना पढवून ठेवलंयस."

"बापू, मी उजेड-सावली बघणारा माणूस. बाईच्या तोंडात शब्द घालायला मी काय देव हाय?"

"मग 'बावा' म्हणाली असेल. 'बावा, वद्दु'. तुलाच नको म्हणते ती!"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. पण नरसय्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "बावा बोललं तर ओठ दुसऱ्यांदा मिटत नाही. बघ... बा-वा. बा-पू. हे मिटतंय. ते बाईचं मिटलं."

वाद मी सोडला नाही. पुढच्या सुट्टीला मी निःपक्षपाती साक्षीदार घेऊन गेलो. शंकरराव — गिरणीत साच्यावर आहेत, गाव नातेपुत्याकडं. साच्यावर म्हणजे मागावरच, त्यामुळे ओठ वाचण्यात पक्के. आणि तेलुगूचं एक अक्षर येत नाही. त्यांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त म्हणालो, "बाई काय बोलते ते सांगा. पिक्चर इंग्रजी आहे."

"आवं, विंग्रजी मला कुटं येतंय?"

"येत नाही म्हणूनच."

त्यांना एकट्याला पुढं बसवलं, बाकीच्यांना तोंडावर हात ठेवायला लावले. अंबादासच्या तोंडाला तर मी रुमालच बांधणार होतो, पण पद्मा "बापू!" म्हणाली म्हणून राहिलं. शंकरराव सगळा चित्रपट "न्हाय कळत... न्हाय कळत" करत बसले. तो शॉट आला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! बापू म्हणती की ही!"

"पुढं?"

"थांबली... खालचा ओट दातात धरला... अन् मग वधू. व्हय, वधू. बापू, वधू."

वधू!

माझ्या लगेच लक्षात आलं. वद्दु आणि वधू — म्हणून बघा आरशापुढं. ओठ दोन्हीला सारखेच. तेलुगू माणसाला 'नको' दिसतं, मराठी माणसाला नवरी दिसते. मी खोलीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना हे समजावून सांगितलं. इंग्रजी बाई मुळात 'बापू' का म्हणेल, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. मी पद्माकडं बघत होतो.

"बोलताना वधू कोण म्हणतंय रे?" ती म्हणाली. "पत्रिकेत छापतात तेवढंच. माणूस नवरी म्हणतंय."

"व्हय, आमीबी नवरीच म्हणतो," शंकरराव म्हणाले. "पर बाई वधू म्हणली त्याला मी काय करू?"

त्यावर स्पष्टीकरण दिलं ते अंबादासनं. शांतपणे, रीळ गुंडाळता गुंडाळता. "मला वाटतं ती 'मेबी' म्हणत असेल. मेबी... वुड यू? म्हणजे कदाचित... तुम्ही कराल का? ब, प, म सगळ्यांना ओठ तसेच मिटतात. मेबी, वुड यू. बापू, वद्दु. बघा म्हणून."

सगळ्यांनी म्हणून बघितलं. बसत होतं. थोडं ओढूनताणून, पण बसत होतं.

वैज्ञानिक दृष्टिकोन हा माझा प्रांत आहे. दोन वर्षं गल्लोगल्ली मी तो सांगत फिरलो, आणि ऐन वेळी सुचलं कुणाला तर फोटोतल्या लोकांचे मुरूम खोडणाऱ्या माणसाला. आणि पद्मा त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होती... असो. स्पष्टीकरण बरोबर असेल तर ते कुणी दिलं याला महत्त्व नाही. मी त्या आठवड्यात 'पडद्यावरील चमत्काराचा भांडाफोड' हे पत्रक लिहिलं आणि पेठेत वाटलं, कारण एव्हाना बोलणारी बाई बघायला दुसऱ्या पेठांतून लोक यायला लागले होते. एका म्हातारीनं तर येताना नारळ आणला होता. पत्रकात अंबादासचं नाव घातलं नाही. चळवळीत व्यक्तीला महत्त्व नसतं.

मग पुण्याहून बल्ब आला.

त्या दुपारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. खेळ सुरू होण्याआधी मी उभं राहून छोटंसं भाषण केलं. "बंधू-भगिनींनो, आज सत्य तुमच्या कानांनी ऐका. बाई म्हणणार आहे — मेबी, वुड यू." शंकररावांनी दोनदा म्हणून बघितलं.

चित्रपट सुरू झाला आणि पहिल्यांदाच त्याला आवाज होता. खरखरता, पण आवाज. पावसाचा, बुटांचा, बोटीच्या भोंग्याचा. टोपीवाल्याचा आवाज इतका बारीक निघाला की लोक हसले. पद्मा हसली नाही. ती पुढं वाकून बसली होती.

टोपीवाला जिना चढला. बाई दारात आली. संगीत थांबलं. तिचं तोंड पडदाभर झालं, एका गालावर उजेड.

ओठ मिटलेले.

ती बोललीच नाही. नुसती बघत राहिली. लांब कुठंतरी भोंगा वाजला आणि शॉट संपला.

नरसय्याच पहिल्यांदा बोलले. "आज ते बाई बोललं नाही."

"परत लाव," मी म्हणालो. अंबादासनं परत लावलं. मिटलेले. आवाज बंद करून लावलं. मिटलेले. शेवटी नवा बल्ब काढून घेतला, पूर्वी होतं अगदी तसं यंत्र केलं, आणि लावलं... मिटलेले. खिडकीवरची चादर ओढून काढली, फिल्मचा तेवढा तुकडा उन्हासमोर धरला आणि कापडाचे धागे मोजायची काच लावून एकेक चौकट बघितली. आधी अंबादासनं, मग नरसय्यांनी, मग मी. लहान लहान चौकटी, प्रत्येकीत तीच बाई, आणि प्रत्येकीत तोंड बंद. फिल्म कुठं कापलेली-जोडलेली आहे का हेही बघितलं. तिथं जोड नव्हता. अंबादास पांढऱ्या बेलबॉटमला काच पुसून पुसून पुन्हा त्याच चौकटी बघत होता, हे मी स्वतः बघितलं आहे. नाटक करणारा माणूस असं बघत नाही. हे मान्य करायला मला आवडत नाही, पण करतो.

मग इतके दिवस आम्ही काय बघत होतो? शंकररावांनी काय वाचलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी पद्माच्या घरी गेलो. माग चालू होते. ती कांडीच्या चाकाशी होती, मला बघून चाक थांबवलं आणि जिन्यात आली. तिथंही आवाज होताच, पण बोलता येत होतं.

"तू काल काही बोलली नाहीस," मी म्हणालो.

"काय बोलू? ते वाक्य माझं हाय, बापू."

"कसलं वाक्य?"

"बापू, वद्दु. पाडव्यापास्नं कांड्या भरताना तेच म्हणत होते मी. आवाज न काढता, नुसतं ओठानं. मराठीत म्हणून बघितलं, लई कडू लागलं. तेलुगूत जरा मऊ वाटलं."

मी विचारलं, "कुणासमोर म्हणत होतीस?"

"भिंतीसमोर. माझं तोंड भिंतीकडंच असतंय की चाकावर."

"अंबादासनं बघितलं असेल."

"बावा मागाच्या खोलीत पाय ठेवत न्हाय, सुताच्या धुळीनं दम लागतो त्याला. आणि बघ. एवढं सांगितलं, तरी पहिलं तुझ्या तोंडात त्याचंच नाव."

"मग त्या बाईला कसं कळलं?"

"तेच मला झोपू देत न्हाय." ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "नुसते शब्दच न्हाय रे. वद्दु म्हणायच्या आधी मी खालचा ओठ दातात धरते. सांगावं का न सांगावं, असं होतं म्हणून. तिनं पण धरला. तू आलास त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, मी आरशातच बघतीय. खाली येऊन मी तोंड धुतलं."

"पण मला का नाही सांगितलंस? सरळ, तोंडानं? मी काय वाघ आहे?"

"आवाजात सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. मुद्दे काढले असतेस, एक, दोन, तीन. आणि मी हरले असते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे मुद्दाम नोंदवतो. "मला हरून लग्न करायचं नव्हतं, बापू."

आतून नरसय्यांनी हाक मारली असावी. मला ऐकू आली नाही, पण दारातून त्यांचे ओठ हललेले तिला दिसले आणि ती गेली.

मुद्दे माझ्याकडं होते. तिथल्या तिथं मी ते मनात मांडलेही. एक, दोन आणि तीन. जिन्यात मी एकटाच होतो.

या गोष्टीला वर्ष झालं. दिवाळीनंतर अंबादासचं लग्न झालं — हैदराबादकडच्या मुलीशी. पद्मानं त्याच्या लग्नात नवरा-नवरीला उखाणे घ्यायला लावून सगळ्यांना हसवलं. ती आता बालवाडीत शिकवते. लग्न केलेलं नाही, करणार का ते सांगत नाही. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यावा असा माणूसही मला उरलेला नाही. प्रोजेक्टर अजून आहे, आणि अंबादास अजून उजेड-सावलीवर बोलतो. मी नंतर बऱ्याच वेळा तो चित्रपट आवाज बंद करायला लावून बघितला. बाई बोलत नाही. मी आरशापुढं बसून ओठ वाचायलाही शिकलो, बऱ्यापैकी येतं आता. काही उपयोग नाही.

सामुदायिक भ्रम, असं काही वाचक म्हणतील. मग शंकररावांना कुणी भ्रमात घातलं? ते बिचारे पहिल्यांदाच आले होते. अंबादासची करामत म्हणाल, तर फिल्म मी स्वतः तपासली आहे. योगायोग म्हणाल, तर मिटलेले ओठ कुठल्या योगायोगानं हलतात ते सांगा. भूत म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगतो, लिहू नका. ती नटी आहे, तिच्या देशात असेल किंवा नसेल, सोलापूर नावाचं गाव आहे हेही तिला माहीत नसणार. भुतांवर माझा विश्वास नव्हता आणि नाही. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही, एवढंच.

नकाराचं मला काही वाटत नाही. नकार देणं हा तिचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी मीच पत्रकं काढली आहेत. पण तो नकार माझा होता ना? माझं नाव घालून केलेला! तो आधी भिंतीला मिळाला, मग सातासमुद्रापलीकडच्या एका बाईला, मग नरसय्यांना, अंबादासला, शंकररावांना, सगळ्या पेठेला. त्या बाईनं तर तो ओठ दातात धरण्यासकट उचलला. मला मिळाला सगळ्यांत शेवटी, आणि तोसुद्धा मी विचारायला गेलो म्हणून.